टाचेने ऐकलेलं भाषण

९ ऑक्टोबर

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र दुपारी साइटवरच्या कचेरीत मिळालं आणि मी अशी किंचाळले की बाहेर क्रेनवाल्याने काम थांबवलं. त्याला वाटलं, पुलाला काहीतरी झालं. मी त्याला सांगितलं की पूल ठणठणीत आहे, पण माझ्या मामाला तुमच्या गावच्या इंजिनीअर आणि शास्त्रज्ञ मंडळाचा यंदाचा सन्मान मिळाला आहे. त्याने विचारलं, मामा काय करतात. मी म्हटलं, आवाज मारतात. बिचारा दिवसभर माझ्याकडे जरा जपूनच बघत होता.

मामा, मला इतका आनंद झालाय की काय लिहू आणि काय नको असं झालंय. विहिरींचं पाणी तपासणाऱ्या त्या रसायनवाल्या बाईंनाही यंदाच मिळतोय म्हणे. म्हणजे संगत चांगली आहे. मानपत्रात तुझी दोन्ही कामं येणार, असं आई लिहिते. एक सूतगिरणीचं. तिथली माणसं जेवणाच्या सुट्टीतसुद्धा एकमेकांशी ओरडून बोलायची, घरी गेल्यावर बायकापोरांवर ओरडायची, कारण कानच गेलेले. तू यंत्रांखाली रबरी बैठका घातल्यास, चाकांवर पेट्या चढवल्यास, आणि आता तिथे म्हणे माणसं कुजबुजून चहाड्या करतात. दुसरं काम कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या सभागृहाचं, तिथल्या लाकडी जमिनीचं. ती जमीन तुला दोनदा का बांधावी लागली, हे मात्र तू मला कधीच धड सांगितलेलं नाहीस. दर वेळी विषय बदलतोस.

आता कामाचं. मंडळाचा जुना शिरस्ता आहे की सन्मान घेणाऱ्याने आपल्या कामाची गोष्ट स्वतः उभं राहून सांगायची. हे वाचून मलाच पळून जावंसं वाटलं, तर तुझं काय झालं असेल! पण आईने तोड काढली आहे. भाषण तू लिही, मी येऊन वाचते. तू लिहिलेलं वाचण्यात मी लहानपणापासून तरबेज आहे. मधे मधे तुझ्यासारख्या भुवया उडवीन, म्हणजे कोणाला फरक कळायचा नाही.

होकार लगेच कळव. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


१४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

क्रेनवाल्याची माझ्या वतीने क्षमा माग. आणि पुन्हा कोणी विचारलं तर मी आवाज मारत नाही, आवर घालतो, असं सांग. मारतो म्हटलं की पोलीस येतात.

सन्मान मी स्वीकारला, असं तुझ्या आईने तुला कळवलं असेल. तो कसा स्वीकारला गेला ते ऐक. मंडळाचे सचिव घरी आले. जाड चष्मा, त्याहून जाड फाइल. त्यांनी बातमी सांगितली आणि माझ्याकडे पाहिलं. मी सुरुवात केली, की मला हा... आणि तिथे अडकलो. तुझी आई माझा डबा घेऊन नेमकी त्याच वेळी दारात उभी होती. तिने वाक्य पुरं केलं, की मला हा सन्मान आनंदाने मान्य आहे. सचिवांनी फाइलमध्ये खूण केली, पाणी प्यायले आणि गेले. मला म्हणायचं होतं, की मला हा विचार करायला थोडा वेळ हवा.

तुझ्या आईवर माझा राग नाही. मी बोलायला लागल्यापासून, म्हणजे अडखळायला लागल्यापासून, ती माझी वाक्यं पुरी करत आली आहे. शाळेत गुरुजींसमोर, दुकानात, दवाखान्यात. तिच्यामुळे माझं कुठे अडलं नाही. मात्र काही वाक्यांचा शेवट भलताच झाला आणि तो मला निभवावा लागला. तरुणपणी एकदा कोणाच्या तरी घरी चहा विचारला. मी म्हणायला लागलो, मला चहात... तिने सांगून टाकलं, साखर नको. तेव्हापासून सगळ्या गोतावळ्यात मी बिनसाखरेचा म्हणून प्रसिद्ध आहे. इतक्या वर्षांनंतर आता कुठे तोंड उघडू? लोकांना वाटेल, म्हातारपणी जीभ सुटली.

पण भाषणाचं तसं नाही गं. माझे सगळे अहवाल आयुष्यभर दुसऱ्यांनी वाचले. गिरणीचा वाचला तो तिथल्या साहेबांनी, आणि चांगला वाचला. मी मागच्या खुर्चीवर बसून माना डोलावल्या. त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण त्यात आकडे होते, आणि आकडे कोणीही वाचावेत. शाळेच्या जमिनीची गोष्ट मात्र माझी आहे. ती मला सांगायची आहे, आणि मलाच सांगायची आहे. तू कितीही भुवया उडवल्यास तरी ती तुझ्या तोंडून आली की मी पुन्हा मागच्या खुर्चीवर. आणि स्वतः उभा राहिलो तर ततपप करता करता सभागृह रिकामं होईल. लोक वाईट नसतात, पण माझ्याकडे बघताना त्यांचेच घसे कोरडे पडतात.

तेव्हा मी मंडळाला नकार कळवणार आहे. तू रुसू नकोस. पत्रात मी अडखळत नाही, आणि पत्रं वाचणारी एक भाची मला आहे, एवढं पुष्कळ झालं.

पुलावर जपून राहा. चाचणीच्या वेळी बूट काढून उभी राहा. जे यंत्राला कळायला वेळ लागतो ते टाचेला आधी कळतं.

आशीर्वादात कधी कपात नाही, हे जाणून असावेस.

तुझा,
मामा


२० ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या मामाने माझ्या नाकी नऊ आणले आहेत. सन्मान नको म्हणून हटून बसलाय. सचिवांना निरोप देतो म्हणाला, मी म्हटलं महिनाअखेरपर्यंत थांब, माझी शपथ आहे. तेव्हा तूर्त थांबलाय, पण तोंड असं केलंय की डब्यातली भाजीसुद्धा घाबरावी. मंडळाने चार लोकांत बोलावून माझ्या भावाची पाठ थोपटायची, आणि याने म्हणायचं माझी पाठ मला हवी! मला रात्रंदिवस एकच घोर लागलाय, की हा आता नाही म्हणाला तर पुन्हा कोण विचारणार? या गावात किती कान त्याने वाचवले, ते एकदा कोणीतरी मोठ्याने म्हणायला नको का?

पण एक वेगळीच गोष्ट लिहायला बसले आहे. काल तो शाळेत गेला आणि चष्मा घरी विसरला. दर आठवड्याला जातो, जमीन तपासायला म्हणतो. मी चष्मा द्यायला मागोमाग गेले. सभागृहाच्या दाराशी चपलांचा ढीग. आत पाहिलं तर हा अनवाणी मधोमध उभा, भोवती मुलं आणि दोन शिक्षिका, आणि याचे हात चाललेत. बाई गं, काय हात चालले होते! भराभर, झरझर, मधेच डोळे मोठे करून, मधेच खांदे पाडून. काहीतरी चुरचुरीत सांगत असावा, कारण मुलं हसून हसून जमिनीवर लोळत होती. एका शिक्षिकेने मधेच हातांनी काहीतरी टोमणा मारला, तर याने उलट असा काही टोला दिला की तीही हसायला लागली.

मला एक अक्षर कळलं नाही. मी दारात चष्मा हातात धरून उभी. हा माझा धाकटा भाऊ, ज्याला पाव आणायला पाठवताना मी दुकानदाराच्या नावे चिठ्ठी द्यायची. आणि इथे तो बोलतोय, लोक ऐकताहेत, आणि मला त्याचं एकही वाक्य पुरं करता येत नाही! मला त्याचा अभिमानही वाटला आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, की याने हे सगळं मला का नाही सांगितलं. मी चष्मा खिडकीवर ठेवला आणि परत आले.

तो घरी परतल्यावर त्याला विचारलं, ते काय होतं. तो लाजला, म्हणाला, ग... आणि मी म्हटलं गंमत. त्याने मान हलवली. आता वाटतं, गंमत म्हणायचं नसावं त्याला.

तूच काहीतरी समजूत घाल. तुझं ऐकतो. वेळेवर जेवत जा, पुलाला काही होत नाही चार घास खाऊन आलीस तर.

तुझी,
आई


२५ ऑक्टोबर

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आधी वाईट बातमी. पुलाची भारचाचणी नेमकी तुझ्या समारंभाच्या दिवशी ठरली. भरलेले ट्रक एकामागे एक पुलावर उभे करायचे आणि तो किती वाकतो ते मोजायचं, हे काम मला दुसऱ्यावर टाकता येत नाही. टाकलं तर तूच मला दारात उभी करणार नाहीस. म्हणजे मी भाषण वाचायला येऊ शकत नाही. खूप रडले, मग तोंड धुतलं आणि विचार करायला बसले.

मामा, आईने तुझी चहाडी केली आहे. तू शाळेत बोलतोस म्हणे. नुसता बोलत नाहीस, वटवट करतोस, टोले मारतोस, लोकांना लोळवतोस. मला वाटायचं, पत्रातला तो खट्याळ मामा फक्त कागदावर राहतो आणि प्रत्यक्षात भेटतो तो त्याचा गप्प भाऊ. तुझ्या या तिसऱ्या भावाबद्दल तू मला पत्ताच लागू दिला नाहीस! भेटल्यावर भांडणार आहे.

तर शिरस्ता काय? आपल्या कामाची गोष्ट स्वतः उभं राहून सांगायची. तोंडाने सांगायची असं कुठे म्हटलंय? तू हातांनी सांग. शाळेत हातांची भाषा बोलून दाखवणाऱ्या दुभाषी बाई असतीलच, त्या ती हॉलमधल्या बाकीच्यांना बोलून दाखवतील.

तू म्हणशील की हेही दुसऱ्याच्या तोंडून झालं. मी त्यावर बराच विचार केला. मी वाचलं असतं तर तू खुर्चीत बसला असतास. इथे तू उभा असशील, वाक्य तुझं तिथल्या तिथे जन्माला येईल, आणि बाई तुझ्या मागून धावत येतील. तू थांबलास की त्यांना थांबावं लागेल. तुझ्या आधी तुझं वाक्य संपवणं या जगात कोणाला जमणार नाही, आमच्या आईलासुद्धा नाही.

नकार कळवायच्या आधी एवढा विचार कर. मी आग्रह करत नाही. म्हणजे करतेच आहे, पण अदबीने.

आपली कृपादृष्टी, ट्रकांसकट, आमच्या पुलावर असू द्यावी.

तुझी,
भिंगरी


२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं आणि दोन दिवस मी तुझ्यावर चिडून होतो. मला ती पळवाट वाटली. लोक म्हणतील, बोलता येत नाही म्हणून हा हातवारे करतोय, जणू काही ती भाषा म्हणजे मोडक्या पायाची काठी. त्या मुलांची भाषा मी माझी लाज झाकायला वापरावी, हे माझ्या मनाला पटेना.

मग मी शाळेत जाऊन त्यांनाच विचारलं. तिथल्या गणिताच्या शिक्षिकेला तू ओळखत नाहीस. ती त्याच शाळेत शिकली, तिला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि माझी चूक काढायची एकही संधी ती सोडत नाही. मी अर्धा तास माझं रडगाणं सांगितलं. तिने शांतपणे पाहून घेतलं आणि म्हणाली, गावातल्या प्रत्येक कार्यक्रमात आम्ही कोपऱ्यात बसून दुभाषी बाईंकडे बघतो, वक्त्याकडे बघायला आम्हाला सवडच मिळत नाही. एक दिवस त्यांना दुभाषी लागू दे. आम्ही वक्त्याकडे बघू.

मी तिथूनच सचिवांकडे निघालो.

तेव्हा मी बोलणार आहे. सचिवांना भेटून दोन अटी घातल्या, लिहून दिल्या, म्हणजे तुझ्या आईला मधे पडता येऊ नये. पहिली, समारंभ शाळेच्या सभागृहात व्हावा. दुसरी, सगळ्यांनी पादत्राणं बाहेर काढावीत, अगदी पाहुण्यांनीसुद्धा. पहिली अट त्यांनी लगेच मानली. दुसरीला ते फार चुळबुळले. शेवटी कळलं की चिंता मोज्यांच्या भोकांची होती. मी त्यांना सांगितलं, मोजेही काढा.

मात्र आता छातीत धडधडतंय. बोलायची सवय नाही असं नाही, पण ताई समोर बसलेली असताना मी आजवर एकही वाक्य शेवटपर्यंत नेलेलं नाही. तिला सांग, पहिल्या रांगेत बस, पण हात मांडीवर आणि ओठ मिटून.

चाचणीच्या दिवशी तू तिथे अनवाणी, मी इथे. मनाने एकाच जमिनीवर उभे आहोत असं समजू.

तुझा धडधडता,
मामा


२४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि आज एक शाबासकी जास्त.

पूल हवा तेवढाच वाकला आणि ट्रक उतरल्यावर पुन्हा जागेवर आला, हे तू फोनवर सांगितलंस आणि पुढे आपण दोघी नुसत्या रडत बसलो. तेव्हा बाकीचं सविस्तर लिहिते. आमच्या घरात शहाणपणाची गोष्ट कागदावरच होते, हे आता मलाही पटलं आहे.

सभागृह गच्च भरलं होतं. सूतगिरणीतली माणसं बायकामुलांना घेऊन आली होती. दाराशी चपलाबुटांचा डोंगर. मंडळाचे अध्यक्ष, रसायनवाल्या बाई, गावातले झाडून सगळे इंजिनीअर अनवाणी बसले होते आणि एकमेकांची पावलं चोरून बघत होते. सचिवांच्या पायाला नखं कापायला हवी होती.

आधी रसायनवाल्या बाईंचा सन्मान झाला, छान बोलल्या. मग तुझ्या मामाचं मानपत्र वाचलं. किती कान वाचले ते मोठ्याने म्हटलं गेलं, माझ्या मनासारखं. मग तो उठला. शाळेतल्या दुभाषी बाई बाजूला उभ्या राहिल्या. मी हात मांडीवर ठेवले, ओठ मिटले.

त्याने टाच दोनदा जमिनीवर आपटली. मुलांनी त्याचं नावच तसं ठेवलंय, दोनदा टाच. ते माझ्या पायातून वर आलं गं! आणि सगळी शाळा एकदम त्याच्याकडे वळली. मग त्याचे हात चालू झाले.

जमीन दोनदा का बांधली, ते त्याने सांगितलं. शाळेने त्याला पहिल्यांदा बोलावलं ते तक्रार होती म्हणून. जुनी जमीन करकरायची, कोणी चाललं तरी हलायची, पाहुण्यांना त्रास व्हायचा. हा गिरणी गप्प करून आलेला, त्याला हे म्हणजे डाव्या हातचा मळ. त्याने जगातली सगळ्यात मुकी जमीन बांधली. हत्ती नाचला तरी पलीकडच्या माणसाला कळायचं नाही. पाहुणे खूश, शाळा खूश. आणि दुसऱ्या दिवसापासून एकही मूल त्या सभागृहात पाऊल टाकेना. याला कळेना काय झालं. शेवटी एका छोट्या मुलीने याला हाताला धरून आत नेलं, बूट काढायला लावले, याच्या पाठीमागे जाऊन पाय आपटला. काही नाही. मग बाहेरच्या जुन्या लाकडी जिन्यावर नेलं आणि तिथे आपटला. ते याच्या टाचेला लागलं. मुलीने हातांनी काहीतरी विचारलं, जे याला तेव्हा कळलं नाही, शिक्षिकेने सांगावं लागलं. तिने विचारलं होतं, आमचा आवाज कुठे ठेवलास?

सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आलं असतं. म्हणजे आपल्याला. त्यांना तर नक्कीच कळली असती, त्या जमिनीवर. ती छोटी मुलगी, आता मोठी झालेली, तिथेच बसली होती. ती गणिताची शिक्षिका. ती मात्र याच्याकडे बोट दाखवून हसत होती.

मग त्याने सांगितलं की त्याच आठवड्यात सगळं उखडलं, आणि एका टोकाला पाय आपटला की दुसऱ्या टोकाच्या टाचेपर्यंत जावं, अशी नवी जमीन घालताना तो त्यांची भाषाही शिकत गेला. लोक किती हसले, किती वेळा! बाईंना त्याच्यामागे धावता धावता दम लागला. भिंगरी, तो तुझ्या पत्रांतला मामा होता. अगदी तोच. भुवयांसकट.

आणि मधेच त्याचे हात थांबले. हवेतच. बाईही थांबल्या. मी पाहिलं, तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. माझं तोंड आपोआप उघडलं. सवयच ती. पण माझ्याकडे शब्दच नव्हता! त्या भाषेतला एकही शब्द मला येत नाही. मी तोंड मिटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भावाच्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसले, त्या सगळ्या लोकांसारखीच.

मग त्याचे हात पुन्हा हलले. बाईंनी म्हटलं ते असं, की समोर माझी ताई बसली आहे. तिने आयुष्यभर माझी वाक्यं पुरी केली, त्यातली बरीच चुकीची. पण मी बोलायला लागलो की दर वेळी ती समोर असायचीच. ऐकायला कोणी आहे म्हणून मी बोलणं कधी सोडलं नाही. सन्मानातला अर्धा वाटा तिचा.

त्यानंतर मुलांनी पाय आपटायला सुरुवात केली. टाळ्यांऐवजी ते तसंच करतात. मग गिरणीवाल्यांनी आपटले, इंजिनीअरांनी आपटले, सचिवांनी तर उड्याच मारल्या. पूर्ण जमीन थरारत होती. माझ्या पायांतून ते वर येत राहिलं, गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत, आणि मी पदराने डोळे पुसत, जमेल तशी, आपटत राहिले. पुढच्या आठवड्यापासून मीही त्याच्याबरोबर शाळेत जाणार आहे. शिकायला. ही भाषा मला येत नाही म्हणजे नाहीच, हे मला खपणार नाही.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. वाट बघणाऱ्यांत आता मीही तरबेज होते आहे.

तुझी,
आई

ता. क. लिहायचं राहिलं. कार्यक्रमानंतर बाहेर अंगणात चहा होता. वाढणाऱ्याने तुझ्या मामाला कप दिला. मामा तोंडाने म्हणायला लागला, मला चहात... आणि अडकला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ओठ मिटून उभी राहिले. वाढणारा ताटकळला, मागची रांग ताटकळली, चहा निवत चालला, मी हलले नाही. शेवटी त्याचं त्याने म्हटलं, साखर हवी, दोन चमचे. मग कप संपवून त्याने आणखी एक मागितला.